बॅकफ्लो धूपदाणी: धूर खाली यायचा थांबला, तर नेमकं कुठे पाहायचं

बॅकफ्लो धूपदाणी म्हणजे जिच्यावर ठेवलेल्या धूप कोनाचा धूर वर न जाता डोंगर-पायऱ्यांच्या घाटावरून खाली उतरतो ती. सिरॅमिकच्या अशा धूपदाणीबद्दल एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. नवी आणली तेव्हा धूर डोंगरावरून छान उतरत होता, आता सरळ छताकडे जातो. किंवा, सुरुवातीला उतरतो आणि मध्येच बंद पडतो. किंवा, काल चालली, आज नाही. मग दुसऱ्या कंपनीचे कोन आणले जातात, थोडे दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिल्यासारखं. शेवटी धूपदाणी शोकेसमध्ये जाऊन बसते. वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तिच्यात काहीही बिघडलेलं नसतं.

बिघडण्यासारखं तिच्यात आहेच काय? मोटर नाही, पंखा नाही, पाणी नाही. आहे तो फक्त धुराचा एक रस्ता. कोनाच्या पोटातलं भोक, त्याखाली बैठकीचं (कोन जिथे ठेवतात त्या जागेचं) भोक, मग मातीच्या आतली नळी, तिचं तोंड आणि त्यापुढे पायऱ्या. हा रस्ता मोकळा, कोरडा, गार आणि मध्ये कुठेही फट नसलेला असला, की धूर खाली येतोच. त्यामुळे कोन बदलत बसण्यापेक्षा रस्ता कुठे तुटला ते शोधायचं.

आधी धूर खाली का येतो ते पाहू, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. साध्या उदबत्तीचा धूर वर जातो तो गरम हवेबरोबर. धूर म्हणजे नुसता वायू नसतो. लाकडाची भुकटी, डिंक, सुगंधी तेल यांतून निघालेले अतिशय बारीक थेंब आणि कण त्यात असतात. बॅकफ्लो कोनाला बुडातून वर जाणारं भोक असतं, पण ते टोकापर्यंत पोचत नाही, अलीकडेच थांबतं. विस्तव जळत जळत त्या भोकापाशी आला, की धूर आतल्या पोकळीत शिरतो आणि कोनाच्या न जळलेल्या भिंतींना लागून गार होतो. असा गार झालेला, थेंबांनी भरलेला धूर बाहेरच्या हवेपेक्षा जड असतो. तो खाली सरकतो आणि त्याच्या मागोमाग वरचा धूर येतो. कोनाच्या बाहेरच्या अंगाने थोडा धूर वर जात राहणारच, तो दोष नव्हे.

आधी ही एक चाचणी करा

नेहमीसारखा कोन पेटवा आणि विस्तव चांगला खाली उतरू द्या. पंखा बंद ठेवा. मग बारीक चिमट्याने कोन खालच्या भागाला हलकेच धरून धूपदाणीवरून उचला आणि स्टीलच्या ताटलीवर वीतभर उंच धरा. मागे काहीतरी काळं असू द्या, काळी पिशवी किंवा गडद रंगाचा टॉवेल चालेल. चिमटा दाबून धरू नका, कोन ठिसूळ असतो. स्वयंपाकघरातली सांडशी तर नकोच.

आता कोनाच्या बुडाकडे पाहा. तिथून पांढरा धागा खाली उतरत असेल, तर कोन चांगला आहे आणि खोलीतली हवाही ठीक आहे. दोष धूपदाणीत किंवा दोघांच्या जोडात आहे. बुडातून काहीच येत नसेल, तर धूपदाणी धुण्यात वेळ घालवू नका. दोष कोनात, पेटवण्यात किंवा हवेत आहे.

या एका चाचणीने निम्मी शक्यता बाद होते. हे न करता सगळे उपाय एकदम केले, तर कशाने गुण आला तेच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बुडातून धूर येत नसेल तर

पहिली गोष्ट फार साधी आहे, पण सर्रास घडते. कोन बॅकफ्लोचा आहे ना? देवासमोर लावायचे धूप कोन दिसायला तसेच असतात, पण भरीव असतात. उलटा करून पाहा. बुडाला भोक नसेल, तर तो कोन कितीही सुवासिक असला तरी त्याचा धूर खाली येणार नाही. घरी दाभणाने भोक पाडण्याच्या भानगडीत पडू नका. कोन फुटतो, किंवा भोक टोकापर्यंत आरपार जातं. आरपार गेलं की आतून धुराडं तयार होतं आणि गरम हवा त्यातून वर निघून जाते.

भोक असेल, तर ते मोकळं आहे का पाहा. पाकिटात कोन एकमेकांवर घासून भुकटी पडते आणि ती भोकात बसते. सुई अलगद फिरवून कोन पालथा टिचकवला की निघते.

पेटवण्यात घाई होते हे दुसरं कारण. टोक नुसतं काळं झालं म्हणजे पेटलं असं नाही. ज्योत पंधरा-वीस सेकंद टोकाला सगळीकडून लागू द्या, कोन फिरवत राहा, आणि ज्योत आपली आपण थोडी जळू द्या. मग हाताने वारा घालून विझवा. आपल्याकडे धूप-उदबत्तीला तोंडाने फुंकर मारत नाहीत, आणि इथे ते सोयीचंही पडतं, कारण फुंकरीने विस्तव एका बाजूला धावतो. एका कडेने जळालेला कोन आतल्या पोकळीपर्यंत तिरका पोचतो, तिथे बाजूला खिंडार पडतं आणि धूर खाली जाण्याऐवजी त्या खिंडारातून बाहेर पडतो. टोकावर लाल विस्तवाची गोल टोपी दिसली, की पेटवणं नीट झालं असं समजा.

त्यानंतर थांबायचं. भोक टोकाच्या अलीकडे थांबत असल्यामुळे विस्तव तिथवर पोचायला काही मिनिटं जातात. तोवर धूर वरच जाणार. पुष्कळजण याच वेळात कोन उचलतात, फिरवतात, पुन्हा ठेवतात, आणि त्या नादात कोनावरची राख पडून भोकात जाते.

तिसरं कारण दमटपणा. कोनात लाकडाची भुकटी असते आणि ती बांधायला जिगट (झाडाच्या सालीची चिकट भुकटी) किंवा डिंक असतो. हवेतला ओलावा हे दोन्ही आनंदाने शोषून घेतात. उन्हाळ्यात उत्तम चालणारं पाकीट जुलैत रुसतं ते यामुळे, आणि कोकणात, गोव्यात, मुंबईत तर ते ठरलेलंच. दमट कोन नीट धुमसत नाही, मध्येच विझतो आणि त्याचा धूर विरळ असतो. वरचा पापुद्रा नखाने खरवडून पाहा. कोरडी भुकटी झडली तर ठीक, मऊसर लागला तर ओला आहे. कोन ताटलीत पसरून काही तास कडक उन्हात ठेवा. ऊन नसेल, तर दिव्याच्या बल्बजवळ सुरक्षित अंतरावर रात्रभर चालेल. तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कोन वाळवू नका. त्यात तेल असतं, तो पेट घेऊ शकतो. एकदा वाळले, की घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा. बुटांच्या, पर्सच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्यातल्या एक-दोन बरणीत टाका. पाकिटाचं तोंड रबर लावून बंद करणं पावसाळ्यात पुरेसं होत नाही.

काल चालली, आज नाही

अशी लहरी वागणूक दिसली की संशय हवेवर घ्या. खाली उतरणारा धूर बाहेरच्या हवेपेक्षा जड असतो, पण अगदी थोडासाच. त्यामुळे आपल्याला अंगावर जाणवणारही नाही इतकी हवा त्याला मोडून टाकते. छताचा पंखा बंद केला तरी खोलीतली हवा थोडा वेळ फिरत राहते. एसीचा झोत, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, दाराखालची फट, समोरून कोणी चालत जाणं, सगळ्याचा परिणाम होतो.

पारख करायला साधी उदबत्ती लावा आणि ती धूपदाणीच्या जागी ठेवा. तिचा धूर निदान वीतभर सरळ वर जाऊन मग विस्कटत असेल, तर जागा चांगली. निघाल्या निघाल्या एका बाजूला झुकत असेल, तर त्या दिशेने हवा येते आहे. मग धूपदाणी कोपऱ्यात हलवा, किंवा तिन्ही बाजूंनी आडोसा होईल अशा कोनाड्यात ठेवा. वर मात्र मोकळी जागा हवी. लाकडी फळीच्या अगदी खाली ठेवली, तर फळी काळी पडेल आणि तापेलही.

खिडकीतल्या उन्हाचं वेगळंच आहे. सकाळचं ऊन धूपदाणीवर पडलं की ती तापते, तिच्या अंगावरची हवा गरम होऊन वर सरकते आणि धुराला आपल्याबरोबर उचलते. ज्या घरात संध्याकाळी चालते आणि सकाळी चालत नाही, तिथे हे हमखास पाहावं. शेजारी समई किंवा निरांजन असेल, तरी तेच घडतं. ज्योतीमुळे हवा वर खेचली जाते. दिवा आणि बॅकफ्लो धूपदाणी यांच्यात हातभर अंतर ठेवा.

कधीकधी धूर उतरत असतो आणि दिसत नसतो. पांढरी भिंत, समोरून ट्यूबलाइट, मग काय दिसणार? मागे गडद काहीतरी आणि उजेड बाजूने, एवढं केलं की तोच धूर ठसठशीत दिसतो. धूपदाणीला नावं ठेवण्याआधी हे करून पाहायला काहीच खर्च येत नाही.

कोन चांगला, धूपदाणी अडते

चाचणीत कोन उत्तीर्ण झाला आणि धूपदाणीवर ठेवल्यावर धूर उतरत नाही, तर बहुतेक घरांत कारण एकच असतं: नळीत साचलेला चिकटा. बॅकफ्लोमध्ये हे टळत नाही, कारण ज्या गार होण्यामुळे धूर खाली येतो, त्याच गार होण्यामुळे त्यातले तेलाचे आणि राळेचे थेंब भिंतीला चिकटतात. म्हणजे धूपदाणी जितकी नीट चालेल तितकी ती आतून माखत जाणार. हा दोष मानू नका, स्वच्छता हा वापराचाच भाग आहे.

चिकटा आधी पिवळसर, तेलकट असतो. त्यावर राख बसते, आणखी थर चढतात आणि तो काळा, डांबरासारखा कडक होतो. सगळ्यात जास्त साचतो दोन ठिकाणी: बैठकीच्या भोकाच्या लगेच खाली आणि नळी जिथे वळते तिथे. वरून पाहिलं तर भोक मोकळं दिसतं आणि आत वळणावर गच्च बसलेलं असतं. म्हणून नुसतं पाहू नका. धूपदाणी पूर्ण गार असताना वरच्या भोकात चमचाभर पाणी सोडा. ते तोंडातून भराभर बाहेर आलं पाहिजे. थेंब थेंब येत असेल, तर तुमचं उत्तर तेच.

ओला चिकटा असेल तर काम सोपं आहे. गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड, आणि मुलांच्या सिपरच्या स्ट्रॉसाठी मिळतो तो बारीक लांब ब्रश. तो वळणात वाकतो, हेच त्याचं मोल. ब्रश नसेल तर जाड सुती दोरा साबणाच्या पाण्यात भिजवून एका टोकाने आत ढकला आणि दुसऱ्या तोंडातून ओढून घ्या, मागेपुढे करा. दातकोरणी बैठकीच्या भोकापुरती ठीक, आत खोल घालू नका. मोडली तर तीच नळी बंद करून बसेल. लोखंडी तारेने जोर लावू नका, चकाकी (सिरॅमिकवरचा काचेसारखा गुळगुळीत थर) ओरखडते आणि त्या ओरखड्यांत चिकटा पुढच्या वेळी आणखी घट्ट बसतो.

कडक झालेल्या थरासाठी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धूपदाणी रात्रभर बुडवून ठेवा. धूपदाणी आधीच गरम असेल, तर तिला लगेच पाण्यात टाकू नका. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं की केसासारखी तड जाते, आणि तड गेलेल्या नळीतून धूर पुढे वाटेतच गळतो. सोड्याने न निघणारा भाग औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटने निघतो. कापसाचा बोळा भिजवून घासा. हे काम देवघराजवळ किंवा गॅसच्या ओट्यावर कधीही करू नका. स्पिरिटची वाफ दिव्याची ज्योत दुरून पकडते. ते पूर्ण उडून जाईपर्यंत, म्हणजे वास शिल्लक नाही असं खात्रीने वाटेपर्यंत, त्या धूपदाणीत कोन पेटवायचा नाही.

हे सगळं सिरॅमिकसाठी सांगतोय. बाजारात सिरॅमिक म्हणून दिसणाऱ्या कित्येक धूपदाण्या पॉलिरेझिनच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात, वरून रंगवलेल्या. नखाने टिचकी मारा. सिरॅमिक खणखणतं, रेझिन बद्द वाजतं. रेझिनवर स्पिरिट लावलं तर रंग निघून येईल. त्यासाठी कोमट पाणी आणि साबण एवढंच.

धुतल्यावर वाळवण्यात लोक कमी पडतात. नळीच्या वळणात पाण्याचा एक थेंब अडकला, तरी तो बुचासारखा काम करतो. शिवाय धूपदाणीचं बूड बहुधा चकाकी न दिलेलं, कोरं असतं, ते पाणी पितं. उलटी करून, हवेशीर जागी, निदान एक पूर्ण दिवस ठेवा, पावसाळ्यात दोन. धुतल्यावर पहिल्याच दिवशी चालली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा ती ओली असते.

एवढी मेहनत वारंवार करायची नसेल, तर प्रत्येक वापरानंतर, धूपदाणी कोमट असतानाच, कोरड्या कापसाच्या काडीने बैठकीचं भोक आणि तोंड पुसून घ्या. कोमटपणी चिकटा मऊ असतो, पटकन येतो. दुसऱ्या दिवशी त्यालाच घासावं लागतं.

नळी स्वच्छ, तरीही नाही

मग जोड पाहा. कोनाचं भोक बैठकीच्या भोकावर बरोबर बसलं पाहिजे. नुसत्या डोळ्याने बसवलेला कोन अर्धं भोक झाकतो. बैठकीवर मागच्या कोनाची राख किंवा जळका तुकडा राहिला असेल, तर कोन टेकतो तिरका आणि खालून फट राहते. धूर त्या फटीतून बाहेर येतो आणि गरम कोनाला लगटून वर जातो. पेटवण्याआधी बैठक पुसणं ही सवयच करा.

कोनाचं बूडच वाकडं असेल, तर बारीक काचपेपरवर दोन-तीनदा हलकेच फिरवा, सपाट होतं. धूपदाणीचं भोक कोनापेक्षा बरंच मोठं असेल, तर ॲल्युमिनियम फॉइलची छोटी चकती कापा, मधोमध कोनाच्या भोकाएवढं छिद्र पाडा आणि ती दोघांच्या मध्ये ठेवा. घरात गणपतीनंतर शाडूची माती उरलेली असेल, तर ती याहून चांगली. ओल्या शाडूची बारीक वळी करून भोकाभोवती कडं घाला, कोन त्यावर दाबून सपाट बैठक घडवा, कोन उचलून घ्या आणि माती पूर्ण वाळू द्या. विस्तवाने तिला काही होत नाही, आणि नको झाली की पाण्याने निघते. कणकेचं कडं करू नका, ती जळून खोलीभर करपट वास येतो.

धूर तोंडातून बाहेर येतो पण पायऱ्यांवरून न जाता एका कडेने घरंगळतो, अशीही तक्रार असते. त्याला बहुधा ओटा कारण असतो. कडप्पा किंवा फरशी थोडी उतरती असते आणि धूर उताराची बाजू धरतो. खाली एखादं नाणं सरकवून धूपदाणी सपाट करा.

आणि धूर धूपदाणीच्या बुडाखालून, टेबलाच्या कडेने पसरत असेल तर? या वस्तू बहुधा साच्यात पातळ माती ओतून, पोकळ केलेल्या असतात, आणि आतली नळी वेगळी जोडलेली असते. तो जोड नीट चिकटला नसेल किंवा तडकला असेल, तर धूर पोकळीत उतरतो. उलटी करून टॉर्च लावा, काळपट डाग जिथे दिसेल तिथे गळती आहे. तिथेही शाडूचा लेप चालतो, मात्र दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा द्यावा लागेल.

मध्येच बंद पडणं

सुरू होऊन थांबली, तर राखेचा तुकडा भोकात पडला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. कोन जळत असताना टेबल हलू देऊ नका आणि राख झटकू नका. शेवटच्या काही मिनिटांत मात्र धूर विरळ होऊन वर वळणं स्वाभाविक आहे. विस्तव बुडाजवळ आला की गार व्हायला धुराला भिंतच उरत नाही. तेवढ्यासाठी काही दुरुस्त करायचं नाही.

पहिला कोन संपल्या संपल्या दुसरा लावला की तो नीट चालत नाही, यामागेही उष्णताच आहे. बैठक आणि नळीचं वरचं टोक तापलेलं असतं. हाताला गार लागेपर्यंत थांबा.

कुठे ठेवायची, किती वेळ

खाली नेहमी रुंद ताटली ठेवा. पायऱ्यांवरून आलेला धूर शेवटी जिथे साचतो तिथे पिवळट तेलकट डाग पडतो, आणि संगमरवरावर पडलेला तो डाग सहजासहजी निघत नाही. लाकडी देव्हाऱ्याचंही तेच.

या धूपदाणीत एक पेच आहे, तो स्पष्ट सांगायला हवा. ती चालायला खोली बंद लागते, आणि बंद खोलीत धूर साचणं फुफ्फुसांना वाईट. कुठल्याही धुरात अतिशय सूक्ष्म कण असतात, सुगंधी असला म्हणून तो वेगळा होत नाही. म्हणून एका वेळी एकच कोन, आणि तो संपला की खिडक्या सताड उघडून पंखा लावा. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल, तर त्या खोलीत लावूच नका. पक्ष्यांची श्वसनसंस्था धुराला फार नाजूक असते. पेटता कोन सोडून झोपी जाणं किंवा बाहेर जाणं नाहीच. परदेशात राहणाऱ्यांनी छतावरच्या स्मोक अलार्मच्या खाली ती ठेवू नये, पण तेवढ्यासाठी अलार्मची बॅटरी काढून ठेवणं त्याहून वाईट.

नवी असूनही पहिल्या दिवसापासून नाही

चांगला कोन, शांत हवा, सपाट ओटा, आणि तरीही अगदी नवी धूपदाणी चालत नसेल, तर चमचाभर पाण्याची तीच चाचणी करा. पाणी अजिबात उतरत नसेल, तर बहुधा भट्टीत चकाकीचा थर वितळून नळीत थेंब गोठला आहे. काच वितळल्यासारखाच तो असतो, घासून निघत नाही, आणि ड्रिल लावलं तर सिरॅमिक तडकतं. अशी वस्तू परत करा किंवा बदलून मागा. पाणी अडकल्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवलात, तर दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. प्रत्यक्ष दुकानातून घेत असाल, तर घेण्याआधीच वरच्या भोकात स्ट्रॉ लावून हलकी फुंक मारा आणि तोंडापाशी तळहात धरा. हवा हाताला लागली तरच पैसे द्या.